बघे आणि गिऱ्हाईक

सोशल मीडियाचं काम करणाऱ्याला पहिल्या भेटीतच विचारलं जातं, "रील व्हायरल होईल ना?" मी हल्ली उलट विचारतो, "झाली, तर तेवढा माल आहे का?" साडीवाला म्हणतो, मागवू. बेकरीवाला म्हणतो, रात्रपाळी लावू. आंब्याचा बागायतदार मात्र गप्प बसतो. रील चालली म्हणून कलमाला जास्त मोहोर येत नाही.

या धंद्यातलं थोडंफार शहाणपण मला हापूसच्या हंगामानेच दिलं. माल मोजका, नाशवंत, आणि सगळा खेळ मार्च ते मेमधला. त्यात कर्नाटकातला आंबा हापूस म्हणून गळ्यात मारतील ही गिऱ्हाइकाची जुनी धास्ती. 2018 मध्ये कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पण फोनच्या पडद्यावर आंबा ना हुंगता येतो, ना दाबून बघता येतो.

जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील आणली. तोवर आपली पोस्ट मुख्यतः आपल्याला फॉलो करणाऱ्यांना दिसायची; रील अनोळखी लोकांपुढे जाऊन उभी राहते. नव्या धंद्याला ही मोठीच सोय झाली. पण तेव्हापासून बघे वेगळे आणि गिऱ्हाईक वेगळं, हे रोज समजावून सांगावं लागतं. बागेवरून ड्रोन फिरतोय, सुरी फिरतेय, रस ओघळतोय, मागे त्या आठवड्यात चालणारं गाणं: अशी रील लाखभर लोक बघतात. त्यातल्या कितीतरी जणांच्या गावी आपली पेटी पोचतच नाही. शिवाय तेच गाणं, तीच सुरी शेजारच्या बागायतदाराच्या रीलमध्येही असते. नाव झाकलं तर कुठली कोणाची, सांगता यायचं नाही.

इन्स्टाग्राम आता 'व्ह्यूज' हाच आकडा सगळ्यात आधी दाखवतं, त्यामुळे मालकाची नजर तिथेच खिळते. मी बघतो रील किती जणांनी दुसऱ्याला पाठवली ते. नव्या लोकांपर्यंत पोचायला हे पाठवणं फार मोलाचं, असं इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनीही उघड सांगितलं आहे. मला त्याचं कारण साधं वाटतं. कोथरूडची वहिनी ठाण्याच्या नणंदेला रील पाठवून "यांच्याकडून मागवूया का?" विचारते, तेव्हा निम्मी विक्री झालेली असते.

देवगडकडच्या एका काकांचं काम मी बघतो. "माका कॅमेऱ्यासमोर बोलूक जमाचा नाय," हे त्यांनी आधीच बजावलं होतं. म्हणून फक्त त्यांचे हात टिपायचं ठरलं. अढीतलं गवत बाजूला सारून ते एकेक फळ उचलत, देठापाशी हुंगत, अंगठ्याने हलकेच अंदाज घेत आणि आजचं इकडे, परवाचं तिकडे असं लावत. मी सहज विचारलं, "काका, साका बाहेरून कळतो?" "कापल्याशिवाय कळाचा नाय," म्हणत त्यांनी संशय आलेलं एक फळ कापलंच. वरून निर्दोष केशरी, आणि आत कोयीलगत फिकट, स्पंजासारखा आंबट गर. त्यांचा मुलगा म्हणाला, "हे नको हां दाखवायला!" मी तेवढंच ठेवलं. खाली लिहिलं: असं फळ निघालं तर फोटो पाठवा, बदलून देऊ. ड्रोनच्या रीलच्या मानाने ही फार थोड्यांनी बघितली, पण काकांचा व्हॉट्सअ‍ॅप त्या दिवशी गप्प बसला नाही.

खरी विक्री तिथेच होते. 2018 पासून व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आपल्याकडे आहे. जाहिरातीवर बोट ठेवलं की थेट गप्पांची खिडकी उघडते. आता तिथे उत्तरं द्यायला यंत्र बसवायची लाट आहे. भाव काय, पिनकोडला पोचेल का, हे यंत्राने सांगावं, हरकत नाही. पण "आईला डायबिटीस आहे, लहान फळं निवडून द्याल का?" असा मेसेज येतो, तेव्हा पलीकडे माणूस लागतो. यंत्राने काढलेल्या चित्रांचंही तेच. लालभडक गालांचे आंबे फांदीला देठाशिवाय चिकटवलेले असतात. मुंबईतला चाकरमानी ते बघून हसतो आणि पुढे सरकतो.

इन्फ्लुएन्सरबद्दलही बोलायला हवं. लाखो फॉलोअरवाल्यापेक्षा आपल्याच शहरात स्वयंपाकाचे व्हिडिओ करणारी एखादी ताई आंब्याला जास्त उपयोगी पडते. मात्र जाहिरात मानक परिषदेच्या 2021 च्या नियमांनुसार नुसती फुकट पेटी पाठवली, तरी ती जाहिरात असल्याचं स्पष्ट दाखवावं लागतं. मालकांना ते लपवावंसं वाटतं. मी ते ठळक टाकायला सांगतो. आंबा चांगला असेल तर त्या एका शब्दाने त्याची गोडी उतरत नाही.

सगळ्यात अवघड काम हंगाम संपल्यावरचं. जूनमध्ये बहुतेकांची खाती झोपतात ती थेट फेब्रुवारीत जागी होतात, आणि पहिलीच पोस्ट असते 'बुकिंग सुरू'. काकांना मी वर्षभर थोडं थोडं टाकायला लावतो. पावसात खत घालताना, थंडीत मोहोर फुटताना, तुडतुड्यांवर फवारणी करताना, अवकाळी पावसानंतर मोहोर काळा पडल्यावर, आणि देठासकट फळ उतरवणाऱ्या झेल्याने तोडणी करतानाही. या पोस्टींना गाणं नसतं, लाइकही बेताचे. पण थंडीत काळा पडलेला मोहोर ज्याने पाहिला, तो एप्रिलमध्ये भावावरून हुज्जत घालत नाही. फार तर एक डझन कमी घेतो.