चित्रेचें दुसरें तेज

चैत्री पौर्णिमेच्या सुमारास चंद्र ज्या तेजस्वी ताऱ्याजवळ येतो, ती चित्रा. चैत्र मासास नांव तिच्यावरूनच पडलें. सप्तर्षींतील अंगिरस, वसिष्ठ व मरीचि यांची कमान पुढें वाढवीत नेली असतां प्रथम नारिंगी स्वाती व मग निळसर-पांढरी चित्रा लागते. डोळ्यांस ती एकच ज्योत दिसते, व आपण तिला एकच मानीत आलों.

१८९० सालीं जर्मनींतील पोट्सडाम येथें हेर्मान फोगेल यांनीं चित्रेचा वर्णपट तपासला, तेव्हां त्यांतील रेषा कधीं निळ्या, तर कधीं तांबड्या बाजूस सरकतांना आढळल्या. म्हणजे तारा कधीं आपल्याकडे येत होता, कधीं दूर जात होता. हा हेलकावा सुमारें चार दिवसांनीं पुनःपुन्हां होई. एकटा तारा असा झुलत नाहीं. त्यास ओढणारें कोणी तरी जवळच असलें पाहिजे.

आज आपणांस ठाऊक आहे कीं, चित्रा सुमारें २५० प्रकाशवर्षें दूर असून तिच्यांतील मुख्य ताऱ्याचें द्रव्य सूर्याच्या सुमारें ११ पट, तर सोबत्याचें ७ पट आहे. मुख्य ताऱ्याच्या पृष्ठाची उष्णता २०,००० अंशांहून अधिक, म्हणूनच तो निळा. सोबतीहि कांहीं सामान्य नव्हे. एकटा असता तरी नुसत्या डोळ्यांस दिसता. परंतु दोघे इतके निकट आहेत कीं, एकाच्या तेजांत दुसऱ्याचें तेज मिसळून जातें. परस्परांच्या ओढीनें दोघांचेहि आकार किंचित् लांबट झाले आहेत.

हें वाचतांना आम्हांस आमच्या घरची वंशावळ आठवली. तींत पुरुषांचीं नांवें ओळीनें मांडलेलीं आहेत. स्त्री एकहि नाहीं. आमच्या काकांच्या विद्वत्तेचा लौकिक मोठा होता. घरीं विद्यार्थी जेवत, आल्यागेल्याचें आतिथ्य होई. मात्र काकू चार दिवस माहेरीं गेल्या कीं पाठ बंद पडे व काकांची पोथी सोडलीच जात नसे. हा हेलकावा सर्वांस दिसे; त्याचें कारण वंशावळींत नाहीं.

यंदां आम्ही त्या कागदावर प्रत्येक नांवाशेजारीं पत्नीचें नांव, माहेरच्या नांवासह, लिहावयास घेतलें आहे. आजीपर्यंतचीं मिळालीं. पणजीचें सासरचें मिळालें, माहेरचें नाहीं. त्यापलीकडे सर्व कोरें. चित्रेचा प्रकाश येत आहे, तोंवर तिचा सोबती केव्हांहि शोधतां येईल. घरच्या नांवांस मात्र सांगणारीं माणसें लागतात, व तीं दरसाल कमी होत आहेत. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास वडीलधाऱ्या स्त्रिया जमतात. वाचकांनीं त्या वेळीं कागद-लेखणी जवळ ठेवावी, एवढीच विनंति.