हरभऱ्यावरची घाटेअळी आणि शेजारचं पोर

आज लिहायचं होतं घाटेअळीवर, पण गोष्ट दुसरीकडेच गेली.

मागच्या आठवड्यात शेजारच्या वावरात नववीतलं पोर एकटंच फवारणी करताना दिसलं. तोंडाला रुमाल नाही, हातात मोजे नाहीत. औषध किती टाकलं विचारलं तर म्हणे, "टोपणानं टाकलं काका, अंदाजे." ओळीत बसून पाहिलं. मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या तर फवारावं म्हणतात. इथे चार-पाच ठिकाणी मिळून एक सापडली. पाच टक्के निंबोळी अर्क आणि पक्षीथांबे यावर भागलं असतं. मी रागावलो. "विचारायला काय झालं होतं?" तर पोर खाली मान घालून म्हणालं, "आजीला एकटं ठेवून आलोय, लवकर उरकायचं होतं."

बाप दोन वर्षांपूर्वी गेला. आई रोजानं जाते, तिच्या मजुरीवरच घर चालतं. दिवाळीत आजी पडली, खुबा मोडला, तेव्हापासून अंथरुणाला. तिचं कूस बदलणं, पुसणं, कपडे धुणं सगळं हेच करतं. कूस नाही बदलली तर पाठीला जखमा होतात, हे त्याला दवाखान्यात सांगितलेलं पाठ आहे. महिनाभर शाळा बुडाली. गुरुजींना कारण सांगितलं नाही, कारण पोरं हसतील. आणि मी इतके दिवस पारावर त्याचं कौतुक करत होतो की पोरगं लई कष्टाळू निघालं. एकदाही घरात डोकावलो नव्हतो, बांधाला बांध असून.

मग त्या रात्री वहिनींकडे गेलो. आता सकाळी आमच्या घरचे आजीचं आवरून येतात. दुपारी पलीकडच्या काकू बसतात. गुरुजींना मीच भेटलो, भला माणूस आहे, राहिलेल्या वह्या दुसऱ्या पोरांकडून मिळवून दिल्या. बालसंगोपन योजनेची फाईल केली. बाप नसलेल्या मुलाला अठरा वर्षांपर्यंत महिन्याला 2250 रुपये मिळतात, जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात अर्ज द्यायचा. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, बोनाफाईड लागलं. वहिनींना ही योजना माहीतच नव्हती. खरं सांगायचं तर मलाही नव्हती, आशाताईंनी सांगितलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. परवा पोर पुन्हा शाळेतून मधल्या सुट्टीत पळून आलं. आजी दुसऱ्याच्या हातून जेवत नाही म्हणे. आजीला समजावणं माझ्याच्यानं होईना, ते काम घरच्यांवर सोडलंय.

हरभरा घाटे भरायला लागलाय, पाणी द्यायची वेळ आहे आणि या आठवड्यात आमच्या फिडरला रात्रीची लाईट. त्याचं पाणी उद्या मीच धरतो. परवा त्याचा गणिताचा पेपर आहे.