समास आणि भय : मॉरिस सेंडाक

मॉरिस सेंडाकच्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' (१९६३) ह्या चित्रपुस्तकात अवघे ३३८ शब्द आहेत, आणि त्यांची संगती लावायला समीक्षेला काहीच अडचण पडत नाही. लांडग्याचा पोषाख घातलेला मॅक्स दांडगाई करतो, आई त्याला उपाशी खोलीत धाडते, तेथून तो अक्राळविक्राळ प्राण्यांच्या बेटावर जाऊन त्यांचा राजा होतो आणि परत येतो. अडचण उपस्थित होते ती समासापाशी. आरंभीची चित्रे लहान आहेत. भोवती कोऱ्या कागदाचा रुंद समास आहे. खोलीत अरण्य उगवू लागते तसा हा समास आक्रसतो, नाहीसा होतो. चित्र मधली शिवण ओलांडून समोरच्या पानावर सरकते आणि शब्दांना तळाशी रेटते. मग समोरासमोरील दोन्ही पाने व्यापणारी तीन चित्रे येतात. त्यांत एकही शब्द नाही. मॅक्स परतताना शब्द हळूहळू आपली जागा परत मिळवतात आणि अखेरच्या पानावर केवळ शब्द उरतात, चित्र नसते. मात्र त्याआधीचे, खोलीत परतलेल्या मॅक्सचे चित्र मूळच्या आकाराला आलेले नाही. ते पूर्ण पान व्यापते. खिडकीत आरंभी चंद्राची कोर होती, आता पूर्ण चंद्र आहे. काळ किती गेला ह्याविषयी शब्द एक सांगतात, खिडकी दुसरेच सांगते.

मराठीत 'सचित्र पुस्तक' आणि 'चित्रपुस्तक' हे शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थी वापरतो. पहिल्यात चित्र संहितेच्या सोबत असते, दुसऱ्यात ते स्वतःच संहिता असते, हा भेद त्यामुळे निसटतो. सेंडाकला तो रँडॉल्फ कॉल्डेकॉट (१८४६–१८८६) ह्या इंग्रज चित्रकारापाशी सापडला. शब्द जेथे गप्प राहतो तेथे चित्राने बोलावे आणि चित्र गप्प राहील तेथे शब्दाने, ही रीत त्याच्या मते कॉल्डेकॉटपासून सुरू झाली. 'वाइल्ड थिंग्ज'ला १९६४ साली मिळालेले पदक ह्याच कॉल्डेकॉटच्या नावाचे असावे, हा योगायोग सुखद आहे.

सेंडाकचा जन्म १० जून १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, पोलंडहून आलेल्या ज्यू कुटुंबात झाला. मूल आजारी, खिडकीशी बसून रस्ता पाहणे हाच त्याचा उद्योग. पुढे ह्याच खिडकीतून रेखाटलेल्या एका मुलीतून रोझी हे त्याचे पात्र निघाले. रविवारी नातेवाईक जेवायला येत, गालगुच्चे घेत आणि 'तुला खाऊनच टाकावे' असे लाडाने म्हणत. स्वयंपाकाला उशीर होई तसे हे लोक आपल्याला खरोखरच खातील, असे त्या मुलाला वाटे. बेटावरचे प्राणी हे तेच काका-मामा आणि मावश्या. (मूळ योजना रानघोड्यांची होती, घोडे काढता येईनात म्हणून हे प्राणी आले. प्रतिभेच्या उपपत्ती मांडणाऱ्यांनी असे तपशील जपून ठेवावेत.) युरोपात राहिलेले नातलग नाझी संहारात मारले गेले. आपल्या बार मिट्झ्वाच्या दिवशीच वडिलांना स्वतःच्या वडिलांच्या मृत्यूची वार्ता कळली, असे सेंडाक सांगत असे. ज्या घरी सण आणि सुतक एकाच दिवशी येतात, तेथील मुलाला भयापासून अलिप्त ठेवण्याची भाषा कोणी करावी?

ही भाषा बोलणारे पुष्कळ होते. ब्रूनो बेटलहाइम ह्या मानसशास्त्रज्ञाने १९६९ साली एका महिला-मासिकातील सदरात 'वाइल्ड थिंग्ज'वर टीका केली : आईने मुलाला उपाशी निजवणे हा त्यागाचा अनुभव आहे आणि लेखकाला त्याची जाणीव नाही. त्याने पुस्तक वाचलेले नव्हते. इतरांनी केलेल्या वर्णनावरून तो लिहीत होता. केवळ कथासार ऐकले तर हा आक्षेप अगदीच गैरलागू नाही. परंतु ह्या पुस्तकात भय जसे वाढते तसे त्याला आवरणारे मूलही चित्रात वाढत जाते, आणि ते सारात उतरत नाही. मॅक्सने स्वतः काढलेले एका प्राण्याचे चित्र आरंभीच जिन्याजवळच्या भिंतीवर टांगलेले आहे. म्हणजे बेटावर जाण्यापूर्वीच त्याने त्या भयाला रूप दिले आहे. आई मात्र एकाही चित्रात दिसत नाही.

१९७० साली 'इन द नाइट किचन' आले, आणि त्याच वर्षी चित्रांसाठीचे हॅन्स ख्रिश्चन अँडरसन पारितोषिकही मिळाले. त्यातील मिकी नागडा आहे, म्हणून काही ग्रंथपालांनी त्याला रंगाने लंगोट चढवले. हा विनोद सर्वत्र सांगितला जातो. त्याआड मिकीला पिठात कालवून भट्टीत घालू पाहणारे तिघे आचारी मात्र दुर्लक्षित राहतात. ते हसतमुख आहेत. विसाव्या शतकातील ज्यू चित्रकाराने काढलेली भट्टी केवळ पावाची भट्टी राहू शकत नाही, हे पुढील समीक्षकांनी ओळखले. 'आउटसाइड ओव्हर देअर' (१९८१) मध्ये पळवलेले तान्हे मूल आहे. त्यामागे १९३२ सालचे लिंडबर्ग-अपहरण आहे; तेव्हा सेंडाक चार वर्षांचाही नव्हता. ते मूल मृतावस्थेत सापडले होते. चित्रपुस्तकात मात्र आयडा ही मोठी बहीण आपले तान्हे भावंड परत आणते. सेंडाकच्या कारकिर्दीतील सर्वांत अवघड पुस्तक हेच. त्यातील जर्मन स्वच्छंदतावादी चित्रकलेची छाया कधीकधी जड वाटते, हेही खरे.

२००३ साली टोनी कुशनरच्या शब्दांसह त्याने 'ब्रुन्डिबार' केले. हान्स क्रासाची ही संगीतिका तेरेझीनच्या छळछावणीत मुलांनी ५५ वेळा सादर केली होती. क्रासा आणि त्यातील बहुतेक मुले पुढे आउश्वित्झला मारली गेली. कथेत दोन भावंडे आजारी आईसाठी दूध मिळवतात आणि त्यांना हुसकावणाऱ्या ब्रुन्डिबारला सगळी मुले मिळून पळवून लावतात. चित्रांत पिवळे तारे लावलेली माणसे रस्त्यात सहज वावरतात. शब्द त्यांच्याविषयी काहीच बोलत नाहीत. मुले जिंकतात, गाणे होते. त्यानंतर, अगदी शेवटी, ब्रुन्डिबार आपण पुन्हा येऊ असे बजावून जातो.