जागरणाचे पथ्य

निद्रादेवी रुसली की माणूस तिची आराधना करू लागतो. कोणी तळपायांस तूप चोळतो, कोणी दुधात जायफळ उगाळून घेतो, आणि यातले काही साधले नाही तर औषधांच्या दुकानाची पायरी चढतो. निरोगी माणसाला एवढी मोकळीक असते. आम्हांस ती उरलेली नाही. कारण औषध पचवणारे यकृतच आमचे थकले आहे.

व्याधीचे नाव सिरोसिस. हे नाव उच्चारताच ऐकणाऱ्याच्या नजरेत जो प्रश्न तरळतो, त्याचे उत्तर आधीच देऊन टाकतो. आम्ही जन्माचे बडोदेकर. उभी नोकरी दारूबंदीच्या राज्यात झाली आणि चोरून मिळते तीही कधी चाखली नाही. मधुमेह आणि यकृतात साचलेली चरबी, एवढे दोन सोबती त्या कामी पुरेसे झाले. तीन वर्षांपूर्वी निदान झाले, पथ्यपाणी सुरू झाले आणि बरे चालले होते.

गेल्या पावसाळ्यात मात्र रात्री तीनचे ठोके ऐकू येऊ लागले, आणि सकाळी पूजा आटोपताच खुर्चीत डोळा लागू लागला. दुपारी तर पाहुण्यांदेखत पेंग येई. वयोमानाने असे होते, अशी घरात समजूत. मेहुण्यांनी आपली झोपेची गोळी देऊ केली. शेजारच्या बेनांनी गंठोडा, म्हणजे आपले पिंपळमूळ, गुळात कालवून पाठवला. आमच्या सौभाग्यवतींनी दोन्ही वस्तू फडताळात ठेवल्या आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून काही द्यायचे नाही, असा निकाल दिला. त्याच आठवड्यात हिशेबाच्या वहीत त्यांना आमचे अक्षर निराळे दिसले. ओळी खाली उतरत होत्या. दुधाची बेरीज दोनदा चुकली होती.

डॉक्टरांनी हात पुढे करून पंजे मागे वळवायला सांगितले, तेव्हा ते पाखराच्या पंखांसारखे फडफडले. मग कागदावर विखुरलेले १ ते २५ आकडे रेघांनी क्रमाने जोडायला दिले. त्या पोरखेळाला आम्हांस जो वेळ लागला, तो सांगण्याजोगा नाही.

त्यांनी समजावले ते असे. आतड्यात तयार होणारा अमोनिया निरोगी यकृत निकालात काढते. यकृत कठीण झाले की पुष्कळसे रक्त त्याला वळसा घालून जाते आणि ते विष मेंदूपर्यंत पोहोचते. दिवसा गुंगी आणि रात्री टक्क जाग, ही त्याची पहिली चाहूल असू शकते. लंडनच्या शीला शेरलॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ सालीच या उलट्या झोपेची नोंद केली होती. शिवाय शरीराला रात्र झाल्याची वर्दी देणारे मेलाटोनिन हे द्रव्यही यकृतच उरकते. ते आजारी पडले की हे द्रव्य दिवसापर्यंत रेंगाळते.

अशा वेळी झोपेची गोळी घेतली तर काय होते? डायझेपामसारख्या गोळीचा निचरा यकृतातच व्हायचा. तो मंदावला की काल रात्रीची गोळी अंगात असतानाच आजची पोटात जाते, आधीच मंद झालेला मेंदू अधिक मंद होतो, आणि झोपलेला माणूस बेशुद्धीकडे केव्हा सरकला हे उशाशी बसलेल्यालाही कळत नाही. सर्दीवरच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्याही याच माळेच्या मणी. ‘झाडपाल्याचे आहे, अपाय नाही’ हेही आम्हांस म्हणता येत नाही. अश्वगंधेने यकृतास इजा झालेले रुग्ण भारतातही नोंदले गेले आहेत. गंठोडा म्हणून फडताळातच राहिला. बेनांना हे सांगताना सौभाग्यवतींची जी तारांबळ उडाली, ती वेगळीच कथा!

आमच्या बाबतीत खोडी बद्धकोष्ठाची निघाली. लॅक्टुलोज हे गोड, पातळ औषध १९६६ पासून या विकारात वापरले जात आहे. दिवसातून दोनतीनदा मऊ शौच होईल, इतपत ते घ्यायचे. चारचौघांत बोलण्याचा हा विषय नव्हे, पण या आजाराच्या घरात तो संकोच परवडत नाही. पंधरवड्यात अक्षर पुन्हा ओळीवर आले. झोप मात्र अर्धीच परतली.

उरलेल्या अर्धीसाठी औषध नाही, शिरस्ता आहे. सकाळच्या उजेडात कमाटीबागेत फेरी, दुपारी अर्ध्या तासाहून अधिक डुलकी नाही, तीननंतर चहा नाही. लघवीची गोळी डॉक्टरांच्या संमतीने सकाळी घेतो, म्हणजे रात्री उठबस कमी. आजारी यकृताला साखरेचा साठा करवत नाही. एका रात्रीचे रिकामे पोट त्याला दोनतीन दिवसांच्या लंघनासारखे बाधते. तेव्हा निजण्यापूर्वी डॉक्टरांनी ठरवून दिलेली दूध-पोळी खातो. आईपासून चालत आलेली एकादशी सुटली, याची थोडी खंत वाटते. वरण-डाळ तोडण्याचा जुना सल्लाही आता मागे पडला आहे. ज्यांना रात्री कंड सुटते किंवा पोटऱ्यांत गोळे येतात, त्यांनी तेही डॉक्टरांच्या कानी घालावे. त्यांवर निराळे उपचार आहेत.

सूनबाईंनी फडताळाच्या दारावर कागद डकवला आहे: बोलणे असंबद्ध झाले, हाक मारून जाग येईना, ताप आला, शौच काळे झाले किंवा उलटीत रक्त दिसले, तर उजाडण्याची वाट न पाहता इस्पितळ गाठायचे. आणि रोज पहाटे चहाचा कप पुढे करण्याआधी सौभाग्यवती आम्हांस वार आणि तिथी विचारतात. आम्ही मुद्दाम नक्षत्रही सांगतो. त्या मात्र भिंतीवरच्या कालनिर्णयात पाहून घेतल्याशिवाय कप सोडत नाहीत.