पद्मिनीच्या पोटातला गंज

आमच्या रत्नागिरीच्या घरी, मागच्या पडवीत, आजोबांची प्रीमियर पद्मिनी उभी असते. रंग मलईसारखा, गिअरचा दांडा स्टिअरिंगला लागून, इंजिन १०८९ सीसीचे. मूळची ही फियाट ११००. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होत असे आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे ही गाडी सगळ्यांना माहीत आहे. आमची गाडी १९८२ सालची. आजोबा शाळामास्तर होते. त्यांनी ती १९८६ मध्ये जुनी म्हणून घेतली आणि त्या दिवसापासून एक वही ठेवली. कधी ऑइल बदलले, कधी ब्रेक काढले, किती पैसे लागले, सगळे तारखेसह त्या वहीत आहे.

गेल्या उन्हाळी सुट्टीत मी घरी गेलो तेव्हा आजोबा म्हणाले, "माझे गुडघे आता वाकत नाहीत. तू हात चालव, मी सांगतो." मला तेच हवे होते. कार्बोरेटर उघडून साफ केला, प्लग घासले, होज पाइप बदलले. आठ दिवसांनी इंजिन सुरू झाले तेव्हा आजी देवघरातून धावत बाहेर आली. मग राहिला फक्त पत्रा आणि रंग.

सुट्टीचे चार दिवस उरले होते. डाव्या मागच्या दाराखालच्या पट्टीवर मी पॉलिश पेपर मारत होतो. एका जागी रंग थोडा फुगलेला दिसला. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक लावले, तर ते सरळ आत गेले. बाहेर काढले तर अंगठा जाईल एवढे भोक, आणि आतून तपकिरी भुगा गळायला लागला.

आजोबा तेव्हा आत झोपले होते. त्यांना उठवून सांगायला हवे होते. मी सांगितले नाही. सांगितले असते तर काम थांबले असते, मिस्त्री आला असता, आणि मला रंगवलेल्या गाडीसोबत फोटो काढायचा होता. वसतिगृहात सगळ्यांना आधीच सांगून ठेवले होते. मी जुन्या वर्तमानपत्राचे बोळे करून भोकात कोंबले, वरून पुट्टी भरली, वाळल्यावर घासून सपाट केली आणि रंग मारला. संध्याकाळी आजोबांनी त्या पट्टीवरून हात फिरवला. "छान झालंय रे. खाली कुठे गंज नाही ना?" मी म्हणालो, "नाही." दुसऱ्या दिवशी फोटो काढला आणि मंगला एक्स्प्रेसने शाळेत परत आलो.

रत्नागिरीचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. वर समुद्राची खारी हवा. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो हे आपण रसायनशास्त्रात शिकलो आहोत. पाण्यात मीठ असले की ही क्रिया वेगाने होते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो आतून रंगाला ढकलतो आणि वर फुगा दिसतो. फुगा दिसेपर्यंत आतले काम बरेच झालेले असते.

हिवाळी सुट्टीत घरी गेलो तेव्हा आजोबांचा बेत ठरला होता. कोल्हापूरला आत्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. आजी-आजोबा, आई आणि मी, सगळे पद्मिनीतून आंबा घाटाने जाणार होतो. मी गाडीजवळ गेलो. पट्टीवर पापडाला येतात तसे फोड आले होते. ते मी पाहिले आणि पुन्हा गप्प बसलो.

निघण्याआधी ब्रेक बघायचे म्हणून आजोबांनी मला जॅक लावायला सांगितला. ते शेजारी स्टुलावर बसले होते. मी पट्टीखाली जॅक लावून दांडा मारू लागलो. जॅक वर गेला, गाडी मात्र वर आली नाही. बिस्किट मोडल्यासारखा आवाज झाला आणि जॅकचे डोके पट्टीत घुसले. पुट्टीचा एक मोठा तुकडा खाली पडला आणि त्याच्यामागून ओल्या कागदाचा गोळा.

आजोबांनी काठीने तो गोळा जवळ ओढला, उलगडला, चष्मा वर करून पाहिले. कागदावरची तारीख अजून वाचता येत होती.

"हा तर जूनचा पेपर," ते म्हणाले.

मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "भोक केवढं होतं तेव्हा?" मी अंगठा दाखवला. आता तिथे माझा पंजा जात होता. कागद स्पंजासारखा पाणी धरून बसला होता. शिवाय पट्टीच्या तळाला पाणी निथळून जायला एक बारीक भोक असते, तेही माझ्या पुट्टीने बंद झाले होते. म्हणजे गंज मी नुसता झाकला नव्हता, त्याला वाढायला जागा करून दिली होती.

आजोबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. ते एवढेच म्हणाले, "गंजाचं मला काही वाटत नाही. ह्या हवेत तो यायचाच. पण तुझ्या एका 'नाही'वर मी तुझ्या आजीला घेऊन घाट चढणार होतो."

ही पट्टी म्हणजे शोभेचा पत्रा नव्हे, हे मला मिस्त्रींनी समजावले. ट्रकला खाली वेगळी चेसिस असते. पद्मिनीचा सांगाडा आणि शरीर एकच. दाराखालच्या त्या पोकळ पट्ट्या गाडीचा भार पेलतात. त्या कुजल्या तर गाडी मधून खचते आणि धडक बसली तर आतल्या माणसांना आधार राहत नाही.

मग खरे काम सुरू झाले. आधी बॅटरीची तार काढली, सीट आणि खालची चटई बाहेर घेतली. आजीच्या शिवणाच्या डब्यातले लोहचुंबक घेतले, त्याला मऊ कापड गुंडाळले आणि सगळ्या गाडीवर फिरवले. पत्र्याला ते चिकटते, जाड पुट्टीवर चिकटत नाही. माझ्या जागेशिवाय आणखी दोन जागा सापडल्या, फार जुन्या, कुणीतरी माझ्यासारख्यानेच बुजवलेल्या. त्यांच्याभोवती खडूने गोल काढले.

कापण्याआधी मिस्त्रींनी दोन्ही बाजूंनी गाडीखाली लाकडी ठोकळे लावले आणि दारांच्या फटी मोजून घेतल्या. आधार न देता पट्टी कापली तर सांगाडा बसतो आणि पुन्हा दार लागत नाही. मग ग्राइंडर चालला. पंजाएवढ्या भोकासाठी ते हातभर पट्टी कापत गेले. मी म्हणालो, "एवढं कशाला?" ते म्हणाले, "गंज दिसतो त्याच्या चार बोटं पुढे असतो. चकचकीत पत्रा लागेपर्यंत थांबायचं नाही."

नवा तुकडा १८ गेजच्या पत्र्याचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर जाड. पत्रा तापून वाकू नये म्हणून त्यांनी सलग वेल्डिंग न करता थोडे इथे, थोडे तिथे असे टाके मारले. वेल्डिंग मला करू दिले नाही. डोळ्यांना काळी काच लावून, पाण्याची बादली आणि ओले गोणपाट घेऊन मी ठिणग्यांवर लक्ष ठेवत होतो. नंतर जस्ताचा प्रायमर लागला. पाणी जायची भोके मी तारेने मोकळी केली आणि पट्टीच्या पोटात नळीने गंजरोधक तेल सोडले. बाहेरून काळा जाड लेप दिला. मलईच्या गाडीला एक काळी पट्टी राहिली. रंगाचे पैसे उरले नव्हते.

वास्तुशांतीला आम्ही एसटीने गेलो. आजीला घाटात मळमळ झाली. ती मला काही बोलली नाही, पण मी तिच्याकडे पाहू शकत नव्हतो.

शाळेत निघायच्या आदल्या रात्री आजोबांनी गाडीची वही माझ्यासमोर ठेवली. "तूच लिही." मी लिहिले, "जूनमध्ये डाव्या पट्टीला भोक सापडले. कागद कोंबून पुट्टी भरली. कुणाला सांगितले नाही. डिसेंबरमध्ये पट्टी कापून नवीन बसवली." खाली सही केली. आजोबांनी वाचले, एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली आणि वही मिटली.

इथे आमच्या खोलीत बुटांना आरसा दिसेल अशी पॉलिश असते. ड्रिलचे उस्ताद कधी कधी वरचे न पाहता बूट उलटा करतात आणि तळ बघतात. पूर्वी मला तो त्रास वाटायचा. आता उस्ताद यायच्या आधी मीच बूट उलटा करतो, आणि शिवण उसवलेली असेल तर स्वतःहून सांगतो. त्याची शिक्षा दोनदा झाली आहे.

गेल्या रविवारी घरी फोन केला. आजी-आजोबा पद्मिनीने कोल्हापूरला जाऊन आले. घाटात एकदा थांबून रेडिएटरमध्ये पाणी घातले, बाकी काही झाले नाही. डावे दार एका आवाजात लागते म्हणे. मग आजीने हळूच सांगितले की निघण्याआधी आजोबा हल्ली गुडघे धरून खाली वाकतात आणि त्या काळ्या पट्टीवर बोटाने टकटक करून बघतात.

मला वाटते, अजून काही दिवस ते तसेच करतील. करू देत.