तेवीस मार्चच का?

सेक्टर ३०, चंडीगड
११ मार्च

चि. माईस,


तुझं पत्र आणि सोबतची यादी मिळाली. परिपाठात २३ मार्चचा दिनविशेष या वर्षी तुझ्या वर्गाकडे आलाय, आणि राजगुरुनगरच्या शाळेत तो दिवस म्हणजे काय हे मी तुला सांगायला नको. जगभरातल्या एवढ्या घटना तू एकाखाली एक उतरवून काढल्यास आणि विचारतेस, यातल्या कुठल्या ठेवू, कुठल्या गाळू. मी यादी छाटून पाठवत नाही. त्यापेक्षा असं कर, प्रत्येक घटनेसमोर मुलांना एकच प्रश्न विचारायला लाव: हे याच दिवशी का झालं? ज्या घटनेत या प्रश्नाला धरून काही सांगण्यासारखं निघेल तिला वेळ दे. बाकीच्या पुसल्यास तरी काही बिघडत नाही.

अमुक साली जन्म, तमुक साली निधन, अमक्या देशाने काय केलं, असं मुलं एका सुरात वाचतात, टाळ्या पडतात, रांगा वर्गात जातात. दुपारच्या सुट्टीपर्यंत कुणाच्या डोक्यात त्यातलं काही उरत नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण तारीख ही काही आकाशातून पडत नाही. बहुतेक वेळा ती कुणीतरी ठरवलेली असते, लांबवलेली असते, नाहीतर घाईने अलीकडे ओढलेली असते. त्या ओढाताणीतच खरी गोष्ट असते.

आपल्या शिवराम हरी राजगुरूंचंच बघ. लाहोर कटाच्या खटल्याचा फाशीचा निकाल लागला ७ ऑक्टोबर १९३० ला. खटला नेहमीच्या न्यायालयात चाललाच नव्हता. व्हाइसरॉय आयर्विनने मे महिन्यात वटहुकूम काढून तीन न्यायाधीशांचं खास न्यायमंडळ नेमलं होतं. आरोपी हजर नसले तरी काम पुढे चालवायची त्याला मुभा होती, आणि त्याच्या निकालावर हायकोर्टात अपील नव्हतं. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे अर्ज गेला, तोही फेटाळला गेला. ५ मार्च १९३१ ला गांधी-आयर्विन करार झाला. महिनाअखेर कराचीला काँग्रेसचं अधिवेशन भरायचं होतं. फाशी रद्द करा म्हणून देशभर सभा चालल्या होत्या, सह्यांचे अर्ज जात होते. सरकारने दिवस मुक्रर केला होता २४ मार्चचा, सकाळचा. फाशी पहाटे-सकाळी द्यायची ही तुरुंगाची वहिवाट, म्हणून सकाळ.

आणि मग २३ तारखेच्या संध्याकाळी, सात-साडेसातच्या सुमारास, राजगुरू, भगतसिंग आणि सुखदेव या तिघांना फाशीसाठी कोठड्यांतून बाहेर काढलं. वहिवाट मोडली, ठरलेला दिवस मोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुरुंगाच्या दाराशी जो समाज लोटला असता त्याची धास्ती घेऊन सरकारने काम रातोरात उरकलं. मृतदेह घरच्यांच्या हाती दिले नाहीत. अंधारात सतलजच्या काठी, फिरोजपूरजवळ हुसैनीवाल्याला नेऊन चोरून जाळले. म्हणजे माई, आपण दरवर्षी जो तेविसावा आकडा फळ्यावर लिहितो तो एका साम्राज्याच्या भीतीचा आकडा आहे. नियमाने सगळं झालं असतं तर तुमच्या गावची पुण्यतिथी चोवीसला आली असती. हे एवढं जरी मुलांना कळलं तरी तुझा परिपाठ सार्थकी लागला असं मी समजेन.

राजगुरू तेव्हा बावीस वर्षांचे होते, भगतसिंग आणि सुखदेव तेवीस-तेवीसचे. वय सांगताना नुसतं सांगू नकोस. शाळेतून अलीकडेच बाहेर पडलेला, मुलांना नावाने माहीत असलेला एखादा दादा समोर उभा कर आणि मग सांग. आणि राजगुरूंचं नाव त्या तिघांत मधे बसतं एवढ्यावर त्यांची ओळख संपवू नकोस. वडील लहानपणीच गेलेले, संस्कृत शिकायला काशी गाठलेली, तिथे क्रांतिकारकांची गाठ पडलेली. क्रांतिकारकांच्या दलात त्यांचं नाव रघुनाथ. लाला लजपतराय गेले १७ नोव्हेंबर १९२८ ला, सायमन कमिशनच्या विरोधातल्या मिरवणुकीवरच्या लाठीमारानंतर अडीच आठवड्यांनी. बरोबर एका महिन्याने, १७ डिसेंबरला, लाहोरात पोलीस अधिकारी साँडर्सवर पहिली गोळी झाडली ती राजगुरूंनी; लाहोर कटाच्या खटल्याचं मूळ हेच. सापळा लावला होता लाठीमाराचा हुकूम देणाऱ्या स्कॉटसाठी, बळी गेला साँडर्स, हेही मुलांपासून लपवू नकोस. लाहोरातून निसटताना भगतसिंग साहेबी हॅट घालून, दलातल्या सहकारी दुर्गाभाभी त्यांची पत्नी बनून आणि आपले राजगुरू सामान उचलणारा नोकर होऊन आगगाडीत बसले. पुढे पकडले गेले ते पुण्यात, ३० सप्टेंबर १९२९ ला.

इथे राहून मला या सगळ्याकडे वेगळ्याच बाजूने बघता आलं, म्हणून तुला हे लिहिते आहे. आमच्या सेक्टरला लागूनच एकोणतीस सेक्टर आणि तिथे 'ट्रिब्यून'चं कार्यालय. चौकाचं नावच ट्रिब्यून चौक. भाजी आणायला निघालं तरी रिक्षावाले त्याच नावाने पत्ता विचारतात. हे वर्तमानपत्र १८८१ साली लाहोरात सुरू झालं. तिघांना फाशी दिल्याची बातमी त्याने २५ मार्च १९३१ च्या अंकात पहिल्या पानावर छापली, ती लाहोरातूनच. फाळणीनंतर ते सिमल्याला गेलं, मग अंबाल्याला आणि १९६९ मध्ये चंडीगडला आलं. ज्या वर्तमानपत्राने ती बातमी दिली त्याचं गावच सुटलं. या शहराचंही तसंच. लाहोर पलीकडे गेलं नसतं तर पंजाबला नवी राजधानी बांधावी लागली नसती, चंडीगड झालं नसतं. पहिल्या टप्प्यात तेरा आकडा वगळून एक ते तीस सेक्टर आखले, त्यातला हा आमचा शेवटचा. शहराचं उद्‌घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी केलं ७ ऑक्टोबर १९५३ ला. खटल्याच्या निकालाचीही तारीख ७ ऑक्टोबरच. पण इथे मी काही जोडत बसत नाही. हा निव्वळ योगायोग आहे आणि योगायोगाला योगायोग म्हणायलाही मुलांनी शिकलं पाहिजे.

लाहोरचा दुसरा तेवीस मार्च मात्र यादीतून काढू नकोस. फाशीनंतर नऊ वर्षांनी, १९४० साली, त्याच शहरातल्या मिंटो पार्कमध्ये मुस्लिम लीगचं अधिवेशन भरलं. २३ मार्चला बंगालचे फजलुल हक यांनी ठराव मांडला आणि दुसऱ्या दिवशी तो संमत झाला. पाकिस्तानची मागणी म्हणून जो ओळखला जातो तोच हा ठराव. पुढे पाकिस्तानने आपली पहिली राज्यघटना लागू केली तीसुद्धा १९५६ च्या २३ मार्चलाच, मुद्दाम दिवस धरून. अठ्ठावन्न साली लष्करी कायदा पुकारून ती घटना गुंडाळली गेली, पण दिवस राहिला. आज लाहोरात तेवीस मार्च हा राष्ट्रीय सण असतो. एकाच शहरात, एकाच तारखेला, दोन देशांच्या आठवणी. सीमेच्या अलीकडे त्यातली एकच जागवतात. तू दोन्ही शिकव. मुलं गोंधळतील ही भीती बाळगू नकोस, नववीची मुलं आपल्याला वाटतात त्याहून समजूतदार असतात.

हुसैनीवाल्याला मी जाऊन आले आहे. एरवी फिरोजपूरहून पुढे तिथवर गाडी जात नाही, पण शहीद दिनाला खास गाडी सोडतात. पूर्वी हा रूळ सतलज ओलांडून पलीकडे कसूरला, लाहोरला जायचा. आता नदीच्या अलीकडेच थांबतो. गाडीत बसंती पगड्या, शाळांची पोरं, डबे घेतलेल्या बायका. तिघांच्या समाधीपाशी ही गर्दी आणि एका बाजूला लंगर. पंगतीत शेजारी बसलेल्या एका वयस्क सरदारजींनी मी कुठली विचारलं. पुण्याकडची म्हटल्यावर लगेच पुढचा प्रश्न, राजगुरूंचं घर अजून उभं आहे का? मी म्हटलं, वाडा आहे, भीमेच्या काठी आहे. त्यांनी तिथल्या तिथे आपल्या नातवाला बोलावून सांगितलं, इनके गाँव में भी दरिया है. पोराने नदीचं नाव विचारलं आणि तीनदा घोकलं.

तू मुलांना या जागेचीही हकीकत सांग. फाळणीत हुसैनीवाला पाकिस्तानात गेला होता. समाधीची जागा परकी झाली होती. १९६१ साली भारताने सुलेमानकी हेडवर्क्सजवळची बारा गावं देऊन ती परत घेतली. बारा गावं, माई. तिथल्या लोकांचं काय झालं असेल हा प्रश्न एखादं चुणचुणीत पोर नक्की विचारेल, आणि विचारलं पाहिजे. चौथी समाधी बटुकेश्वर दत्तांची, दिल्लीच्या असेंब्लीत भगतसिंगांबरोबर बॉम्ब टाकणारे ते. १९६५ मध्ये गेले तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे अंत्यसंस्कार तिथे झाले. भगतसिंगांच्या आई विद्यावतींचेही तिथेच, १९७५ मध्ये.

तुझ्या यादीत समाजवादी नेते डॉ. लोहियांचा जन्म आहे, १९१०. तो ठेव, पण जन्म म्हणून ठेवू नकोस. फाशीच्या दिवशी लोहियांना एकविसावं वर्ष पुरं झालं होतं, आणि त्यानंतर ते आपला वाढदिवस साजरा करत नसत असं त्यांची माणसं सांगत. आपल्या जन्मतारखेवरचा हक्क सोडणं सोपं नाही. आणि यादीत नसलेलं एक नाव घाल, पंजाबी कवी पाश. १९८८ च्या २३ मार्चला खलिस्तानी अतिरेक्यांनी त्यांना त्यांच्याच गावात, तलवंडी सलेममध्ये, गोळ्या घातल्या. भगतसिंगांना मानणारा कवी भगतसिंगांच्याच दिवशी गेला. इथे शहीद दिनाच्या कार्यक्रमात त्यांची आठवण निघतेच निघते.

आता जगाकडे वळू. जागतिक हवामान दिन २३ मार्चलाच का, हे मुलांना सांगितलंस तर गंमत वाटेल. जागतिक हवामान संघटनेच्या करारात कलम होतं, तिसाव्या देशाची मान्यता येऊन पोचली की तिसाव्या दिवशी करार लागू. तो दिवस हिशेबाने १९५० च्या २३ मार्चला आला. कुणाची स्मृती नाही, कुणाची भीती नाही, नुसती मोजणी. पुण्याला सहल नेशील तेव्हा शिवाजीनगरच्या सिमला ऑफिस चौकात थांब. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं म्हणून लोकांनी त्या इमारतीला सिमला ऑफिस म्हटलं. तसंही आमच्या सेक्टर तीसला वैज्ञानिक उपकरणं बनवणारी केंद्र सरकारची संशोधन संस्था, सी.एस.आय.ओ., आहे. त्यामुळे मोजमाप हा विषय आमच्या गल्लीत परका नाही.

अशाच हिशेबाने आलेला आणखी एक दिवस आहे आणि माझ्या मते तुझ्या यादीतली राजगुरूंनंतरची सगळ्यात मोठी नोंद तीच. नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, लागू २३ मार्च १९७६. पस्तिसाव्या देशाची मान्यता आल्यावर तीन महिन्यांनी, असा नियम होता. तारीख जुळली ती योगायोगानेच. पण करारात काय आहे ते बघ: दोषी ठरवलेल्या प्रत्येक माणसाला वरच्या न्यायालयात दाद मागण्याचा हक्क, खटला चालताना स्वतः हजर राहण्याचा हक्क. लाहोरच्या त्या वटहुकुमाने नेमकं हेच काढून घेतलं होतं. पंचेचाळीस वर्षांनी त्याच तारखेला ते आंतरराष्ट्रीय करार म्हणून लागू झालं. या दोन घटना फळ्यावर शेजारी शेजारी लिही आणि मुलांना स्वतः वाचू दे, तू काही बोलू नकोस.

जर्मनीचं १९३३ चंही ठेव. त्या दिवशी संसदेने आपले अधिकार हिटलरच्या हाती देणारा कायदा मंजूर केला. साम्यवादी सभासदांना सभागृहात येऊच दिलं नव्हतं, भोवती नाझी स्वयंसेवकांचं कडं. तरीही ९४ सभासदांनी विरोधात मत दिलं, सगळे सोशल डेमोक्रॅट. ४४४ विरुद्ध ९४. हरलेला आकडा मुलांकडून पाठ करून घे. मीर अवकाशस्थानक २००१ मध्ये पॅसिफिक महासागरात पाडलं ते पोरांना आवडेल, एका वाक्यात सांगून टाक. बाकीचं सगळं पूस.

वेळ कमी पडेल म्हणतेस तर मुख्याध्यापकांना दहा मिनिटं जास्तीची माग. त्या एका दिवशी सुविचार आणि बोधकथा नसली तरी चालेल. आणि मुलांना एक काम लाव. लाहोरातली बातमी खेडमध्ये, म्हणजे आजच्या राजगुरुनगरात, कशी पोचली, कधी पोचली, कुणी आणली? तार आली, की पुण्याहून मोटारीने कुणी आलं, की वर्तमानपत्रातूनच कळलं? गावातल्या जुन्या घरांत आजी-आजोबांनी आपल्या आई-वडिलांकडून ऐकलेलं असेल ते वहीत उतरवून आणायला सांग, सांगणाऱ्याचं नाव आणि वय घालून. 'ज्ञानप्रकाश' आणि 'केसरी' यांचे त्या आठवड्याचे अंक पुण्यात बघायला मिळतात का याची चौकशी तू कर. मे महिन्यात मी येतेच आहे, तेव्हा त्या वह्या मला वाचायला ठेव.

दादाला आणि वहिनीला नमस्कार सांग. वहिनीचा गुडघा कसा आहे ते कळव.

तुझी
आत्या