ठिपके थांबले!

कधी एकदा सांगतो असं झालंय! गेल्या शनिवारपासून वाशिंदच्या आमच्या घरात रेकॉर्ड वाजतेय. खरीखुरी, सुई टेकवून वाजवायची. आणि हे सगळं सुरू झालं ते भंगारवाल्याच्या तराजूपासून.

मामाचं जुनं घर पाडायला काढलं, तेव्हा माळ्यावरून कॉस्मिकचा अ‍ॅम्प्लिफायर, अकाईचा कॅसेट डेक, दोन कमरेएवढे स्पीकर आणि रेकॉर्डींनी भरलेली एक ट्रंक खाली आली. डेक मामाने कुवेतहून येताना आणलेला. लहानपणी त्याला हात लावायची आम्हाला बंदी होती. आता भंगारवाला म्हणाला, "सगळ्याचे सहाशे." ट्रान्सफॉर्मरमधलं तांबं आणि पेटीचं लोखंड, एवढाच त्याचा हिशेब. मी देऊनच टाकणार होतो. गाडीतल्या ग्रुपमधल्या एकाने अडवलं, "अरे, आधी लॅमिंग्टन रोडला दाखव. तिथे जुन्या ऑडिओचे डीलर बसतात."

शनिवारी अ‍ॅम्प्लिफायर आणि डेक गोणपाटात गुंडाळून मालडब्यात चढलो. स्पीकर कुठे नेणार? एकाचा वूफर तेवढा स्क्रू काढून पिशवीत टाकला. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे, पण विचारताना सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर ते दुकान. दार उघडलं आणि मी जागीच थांबलो. जमिनीपासून छतापर्यंत सान्सुई, पायोनियर, मॅरँट्झ, सोनोडाइन! चंदेरी पट्ट्या, जाडजूड नॉब, आणि सगळीकडे सोल्डरिंगचा तो राळेसारखा वास.

शेठनी किंमत काढलीच नाही. आधी डेकचं झाकण उघडलं. आतला रबरी बेल्ट वितळून डांबर झाला होता. माझं तोंड उतरलं, पण शेठ म्हणाले, "बेल्ट म्हणजे सायकलची ट्यूब. बदलायची. हेड बघू." आणि त्यांनी काय केलं माहीत आहे? अंगठ्याचं नख हेडवरून अलगद फिरवलं. टेप घासून घासून हेडवर चर पडतो, तो नखाला लागतो. "चर नाही. कमी वाजलाय." मग स्पिरिटचा बोळा, नवा बेल्ट, दुकानातली एक कॅसेट. चाकं फिरली! मामाच्या डेकचे ते दोन हिरवे काटे इतक्या वर्षांनी आवाजाबरोबर नाचायला लागले. मी तर शेठचा हातच धरला.

डेकचे साडेचार हजार ठरले. सगळे मिळून सहाशे म्हणणारा तराजू मला तिथे आठवला.

वूफरच्या कडेचा फोम बोट लावताच भुगा होऊन खाली पडला. आपल्या दमट हवेत त्याचं असंच होतं म्हणे. शेठनी कोन दोन्ही हातांनी हळूच आत दाबला, कान लावला. कॉइल कुठे घासत नव्हती. "स्पीकर चांगला आहे, नुसती कड गेलीय. दुसराही आणा, नवी बसवून देतो."

आणि आता अ‍ॅम्प्लिफायर! मी तो विकायलाच नेला होता. शेठनी मागची बाजू फिरवून मला सॉकेटची एक जोडी दाखवली, 'फोनो' लिहिलेली, शेजारी अर्थचा छोटा स्क्रू. रेकॉर्डवर खर्जाचे आवाज मुद्दाम कमी करून कोरतात, नाहीतर खाच फार रुंद होईल. वाजवताना तेच परत तितके वाढवावे लागतात, आणि सुईकडून येणारा सिग्नल अगदी नाममात्र, तोही मोठा करावा लागतो. ही दोन्ही कामं त्या फोनोच्या मागचं सर्किट करतं. "घरी रेकॉर्डी आहेत म्हणता, आणि हा विकताय?" शेठ म्हणाले. समोर चालून आलेला माल त्यांनी माझ्याकडेच परत सरकवला! व्हॉल्यूम फिरवताना खरखर होत होती, ती एका फवाऱ्यात घालवून दिली, तीही फुकट.

मग टर्नटेबल पाहणं आलंच. टेक्निक्सने त्यांचा गाजलेला एसएल-१२०० १९७२ साली काढला. त्याची किंमत माझ्या आवाक्याबाहेर, पण त्याच कंपनीचा एक साधा, डायरेक्ट ड्राइव्ह, कोपऱ्यात होता. शेठनी तो उलटा करून व्होल्टेजची पट्टी दाखवली. जपानात विकलेला असता तर १०० व्होल्टचा निघाला असता, वेगळा ट्रान्सफॉर्मर लागला असता. सुई भिंगाखाली दाखवली. सोनाराच्या काट्यासारख्या चिमुकल्या काट्यावर आर्मचं वजन दोन ग्रॅमला आणलं. चौदा हजार सांगितले, घासाघीस करून साडेबारावर आले, त्यातून डेकचे वळते केले. आठ हजार मोजले. "आठ दिवसांत काही वाटलं तर परत आणा. आणि घरी लावलात की ठिपके बघून मला फोन करा."

तबकडीच्या कडेला ठिपक्यांच्या रांगा असतात आणि शेजारी एक लाल दिवा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तो दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. वेग बरोबर असेल तर ५० च्या रांगेतले ठिपके फिरता फिरता जागच्या जागी उभे दिसतात. वेग जरा चुकला की रांग पुढे किंवा मागे सरकायला लागते.

शेठनी आर्म दोरीने बांधून दिला, जड तबकडी वेगळी गुंडाळली. परतीच्या गाडीत ती मी मांडीवरून खाली ठेवली नाही.

ट्रंकेत रेकॉर्डी आडव्या, एकावर एक रचलेल्या होत्या. पत्र्याखालच्या उन्हाने वरच्या दोन ताटासारख्या वाकल्या. (तुमच्याकडे असतील तर आजच उभ्या करा!) खाली मात्र 'गीतरामायणा'च्या संचातल्या चार धड निघाल्या. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं, वर्षभरात ५६ गीतं झाली. आईने ते पुढे लोकांच्या रेडिओवर, खिडकीबाहेर उभं राहून ऐकलेलं.

स्पीकर शेजाऱ्यांचे उसने आणले. सुई टेकली. आधी नुसती चुरचुर, शेगडीवर मोहरी तडतडावी तशी. आणि मग बाबूजींचा, सुधीर फडक्यांचा, आवाज खोलीत आला! दोन स्पीकरच्या बरोबर मधून, जिथे भिंतीशिवाय काहीच नव्हतं तिथून. श्वास घेतलेला ऐकू येत होता. आई पोळपाट-लाटणं ठेवून पिठाच्या हातांनी येऊन जमिनीवर बसली.

मी शेठना फोन लावला.

"काय, ठिपके?"

"थांबलेत शेठ! एकदम उभे आहेत!"

"मग फोन ठेवा. गाणं चाललंय ना."